उतारावरचा स्टॉपर

आमच्या जुन्या गाडीचं डिझेल इंजिन नुसत्या चावीने बंद होत नसे. त्यासाठी डॅशबोर्डवरची स्टॉपरची मूठ बाहेर ओढावी लागे. पवनारच्या पुलाकडचा उतार लागला की माझे वडील, नानाजी, स्टॉपर ओढून डिझेल वाचवायचे. इंजिन गप्प झालं की मागच्या सीटवरून आई त्यांना सुपारी द्यायची. काय ते बोलणं दोघांचं तेवढ्या शांततेतच व्हायचं.

एक्क्याऐंशीच्या दिवाळीत नानाजी गेले. गाडी मी चालवू लागलो, तर ती नेमकी त्या उतारावर बंद पडायची. पाहावं तर स्टॉपर बाहेर आलेला.

ओमप्रकाश मिस्त्रीने पाइपातली हवा काढली, फिल्टर बदललं. "इंजन एकदम बढिया आहे, भाऊ. काई समजून नाई राह्यलं," म्हणत त्याने शेवटी स्टॉपरच आत दाबून तारेने करकचून बांधला.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन निघालो. ती नेहमीसारखी मागे बसली. माझ्या बाजूची सीट रिकामी. उतार आला. इंजिन चालूच राहिलं, पण तार ताणली जाऊन कुरकुरू लागली.

"बाबू, सोडून दे नं तार," आई हळूच म्हणाली. "काऊन तरास देऊन राह्यला त्याईले?"

मी चिडलोच होतो. तरी एका हाताने तारेचा पीळ सोडला. स्टॉपर अलगद बाहेर आला. इंजिन थांबलं, नुसती टायरांची सळसळ उरली.

आईचा हात सुपारी घेऊन माझ्या खांद्याजवळून पुढे आला. माझ्याकडे नाही, बाजूच्या सीटकडे. मागे गेला तेव्हा तो रिकामा होता.

माझ्या शेजारी कडकन सुपारी फुटली.