हक्कसोड

बापाच्या चार एकरांवरचा हक्क धाकट्या भावाच्या नावानं सोडायला बायनाबाई रजिस्ट्री ऑफिसात आली होती. वय साठ, आणि डाव्या हाताचा अंगठा तोंडात. मन थाऱ्यावर नसलं की तो आपसूक तिथं जायचा, अगदी लहानपणापासून.

धाकटा भाऊ परमेश्वर कानाशी वाकला. "आक्का, काढ की आता तोंडातून. समदे बघायलेत."

"बघू दे."

साहेबांनी कागद वाचून दाखवला. "मावशी, राजीखुशीनं हक्क सोडताय ना? मग या मशीनवर अंगठा ठेवा."

बायनाबाईनं अंगठा बाहेर काढला, पदराला नीट पुसला. भावाच्या जिवात जीव आला.

अंगठा पांढराफटक पडला होता. त्याच्या मधोमध जुन्या चटक्याचा डाग. ती त्याच्याकडं बघतच राहिली.

"परमेश्वर, ही सवय मोडावी म्हणून बापानं याला कडुलिंबाचा पाला चोळला. सासूनं तापलेल्या उलथन्याचा चटका दिला. नवरा मरेस्तोवर चारचौघांत हसला. तरी मी सोडली न्हाई."

"ते कशाला काढायलीस आता?"

"आन् तू तर वावर नुसतं गोड बोलून मागायलास," बायनाबाई म्हणाली आणि मशीनकडं न बघता तिनं अंगठा परत तोंडात घातला.