चितेचा अध्याय

"राणी जळलीच पाहिजे," बापूसाहेब म्हणाले आणि त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

जठारपेठेतल्या देवळाचा सभामंडप बायकांनी गच्च भरला होता. रमेच्या मांडीवर तिच्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण होतं. एक नव्हे, दोन. एकात राणी चित्रावती नवऱ्याच्या मरणाची बातमी ऐकून चितेवर चढत होती. दुसऱ्यात ती घोडा काढून त्याला शोधायला निघत होती. बापूसाहेबांचा छापखाना होता. महायुद्धापायी कागद मिळेना, म्हणून यंदा ते एकच कादंबरी छापणार होते आणि तीही आपल्या अटीवर.

चित्रावती इथल्या बायकांना नवी नव्हती. तिचं आख्यान घरोघर वाचलं जायचं. रमेनं तिला आख्यानातून उचललं आणि सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या अडगावच्या लढाईत आणून सोडलं. राजाचा केला भोसल्यांच्या फौजेतला शिलेदार, राजवाड्याचं केलं हिवरखेडचं घर, आणि त्या दोघांना असा गोड संसार दिला की शुक्रवारच्या वाचनाला बायका पोळी तव्यावर टाकून पळत येत. देवळाच्या दारात फुलं विकणारी माणिकबाई तर हिवरखेडचीच. कादंबरीतला शिलेदार लढाईवर गेल्यापासून ती त्याच्या नावानं देवाला एक फूल जास्त वाहत होती.

रमेचा शिलेदार ब्रह्मदेशात होता. तिचा नवरा चिंतामण, फौजेतला डॉक्टर. रंगून पडल्यापासून त्याचा पत्ता नव्हता. त्याच्या तुकडीतला एक जण परत आला आणि म्हणाला, डॉक्टर जंगलात मागे राहिले, आता वाट पाहू नका. सासरे मोरोपंत पेशानं वकील. साक्षीदार मिळाला, त्यांनी निकाल लावून टाकला. येत्या अमावास्येला पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला चिंतामणच्या नावानं अग्नी द्यायचं ठरलं. सकाळीच पानांचे भारे घरी येऊन पडले होते. एकदा अग्नी दिला की रमेचं कुंकू पुसलं जाणार होतं. सासूबाई गोदावरीबाई यावर एक अक्षर बोलल्या नव्हत्या, आणि रमेला तेच जास्त लागलं होतं.

गोदावरीबाई आताही पुढेच बसल्या होत्या, पदराच्या गाठीशी चाळा करत. आख्यान वाचावं तर त्यांनीच, असा त्यांचा लौकिक. पारोशानं पोथीला हात लावायचा नाही, एकही अध्याय गाळायचा नाही, नियम म्हणजे नियम. पण चिंतामण फौजेत गेला आणि त्यांनी आख्यान बासनात बांधलं ते पुन्हा सोडलंच नाही. म्हातारी देवावर रुसली, असं लोक म्हणत.

"मूळ कथेला हात लावायचा नाही," बापूसाहेब म्हणाले. "पटत नसेल तर सासूबाईंनाच विचारा. का हो गोदावरीबाई, आख्यानात चिता आहे की नाही?"

"आहे," गोदावरीबाई म्हणाल्या.

"झालं तर मग!"

रमेनं सासूकडे पाहिलं. तिला रडू आलं नाही, राग आला. घरी पानं, इथे लाकडं. सगळ्यांना नुसती घाई झाली होती! पण भरल्या सभेत भांडायची तिची छाती होईना. तिनं चितेचं प्रकरण वर घेतलं आणि वाचायला सुरुवात केली.

"मरते काय वो राणी?" दारातून माणिकबाईनं विचारलं.

रमेनं मान वर न करता वाचन चालूच ठेवलं. राणीनं पहिलं पाऊल उचललं.

"थांब, रमे!" गोदावरीबाई उभ्या राहिल्या. "चितेचा अध्याय काहून वाचून राहिली तू? घरचं माणूस परगावी असलं की तो अध्याय वाचत नसतात. इतकी वर्षं माह्या घरात राहिली, तुले एवढंही ठाऊक नाही?"

नियम सगळ्याच बायकांना ठाऊक होता. चिता वाचायची नाही, आणि अध्याय गाळायचा नाही. म्हणजे माणूस परत येईस्तोवर पोथी बासनातच.

बापूसाहेब गोंधळले. "अहो, पण तुमच्या घरचं परगावी आहे कोण?"

"माहा चिंतू," गोदावरीबाई म्हणाल्या. "तो येईस्तोवर मी पोथी बांधून ठेवली आहे. मंग त्याच्या बायकोनं चिता वाचलेली मले कशी चालंन? दुसरं वाच, रमे."

रमा सासूकडे पाहतच राहिली. बाई रुसली नव्हती. इतके दिवस, कोणाला न सांगता, वाट पाहत होती. रमेला वाटलं, उठावं आणि भर सभेत त्यांना मिठी मारावी.

तिनं दुसरं प्रकरण घेतलं आणि खणखणीत आवाजात वाचलं. राणीनं घोडा काढला. गाविलगडाच्या पायथ्याशी तिला जखमी शिलेदार सापडला. त्याला पुढ्यात घालून ती हिवरखेडच्या वेशीत शिरली. पोथीत सुरुवातीला राजाराणीची पहिली भेट होते, तिथे अक्षता टाकायची रीत. गोदावरीबाईंनी पदराची गाठ सोडली. आत कुंकवात भिजवलेल्या अक्षता होत्या, घरूनच बांधून आणलेल्या. त्यांनी त्या आधी कादंबरीच्या पानांवर टाकल्या, मग सुनेच्या डोक्यावर. बाकीच्यांजवळ अक्षता कुठून असणार? माणिकबाईनं फुलांची अख्खी टोपलीच उधळली.

टोपीवरचा झेंडू झटकत बापूसाहेब म्हणाले, "छापतो. हेच छापतो."

पायऱ्या उतरताना रमेनं हळूच विचारलं, "सासूबाई, घरी ते पळसाचे भारे..."

"पत्रावळ्या लावू," गोदावरीबाई म्हणाल्या. "चिंतू आला की गावजेवणाले लागतीनच."