लांब का?

सुधीर सकाळपासून दारोदार विचारत फिरत होता, की तुमच्या भाषेत विचारण्याला काय म्हणतात.

खांदेश्वरच्या त्या सोसायटीच्या गणपतीची यंदा पहिलीच स्मरणिका निघायची होती. जाहिराती जमल्या होत्या, मजकूर कमी पडत होता. तेव्हा सुधीरनं एक लेख अंगावर घेतला. एका बिल्डिंगीत निम्मा देश राहायला आलाय, तर त्यांच्या भाषा तरी कामाला लावू, असं त्याचं म्हणणं.

जेवताना त्यानं बायकोला, उज्वलाला, सगळं ऐकवलं. हिंदीवाल्यांचं पूछना आणि आपल्या जुन्या बायांचं पुसणं ही एकाच आजीची नातवंडं. मागणं आलं शोधण्यातून, माग काढण्यातून. म्हणजे मागणारा मूळचा शिकारीच. विचारणं मात्र विचारातून आलेलं. आधी विचार करायचा, मग तोंड उघडायचं.

"आणि समोरच्या हेगडेकाकू सांगत होत्या, कानडीत केळु म्हणजे विचारणं आणि केळु म्हणजेच ऐकणं. विचारलंस तर ऐकून घ्यायलाही लागतं. कसं?"

"चांगलंय," उज्वला म्हणाली आणि तिनं त्याला भात वाढला.

सुधीरची आई मुक्ताबाई भिंतीला टेकून बसली होती. गेल्या दिवाळीपासून तिला सकाळ-संध्याकाळ कळेनाशी झाली होती. पण जुनं काही अवचित वर यायचं.

"निघत्या मानसाला इचारू नये," ती म्हणाली. "कुठं म्हनून तर न्हाईच. लांब का, म्हनावं."

सुधीर खूश झाला. विचारायचं, पण न विचारल्यासारखं. लेखाला शेवट मिळाला. हात धुऊन तो वरच्या मजल्यावरच्या तेलुगू बिऱ्हाडाकडे निघाला. तो कुठे चालला, हे उज्वलानं विचारलं नाही.

ती कुणालाच विचारत नसे. नवी नवरी असताना एकदा विचारलं होतं. सासरे, बाबासो, तेव्हा मार्केटात पोती उचलायचे. पहाटे ते पायात चपला सरकवत होते आणि तिनं आपलं माहेरच्या सवयीनं विचारलं, कुठं निघालात मामंजी? ते हसले. कामावर, आनि कुठं, म्हणाले. त्या दिवशी हमरस्ता ओलांडताना ते ट्रकखाली गेले.

प्रेत घरात असतानाच मुक्ताबाईनं सुनेला जमलेल्या बायांपुढं उभं केलं आणि काय विचारलंस ते परत म्हणायला लावलं. मग दर वर्षश्राद्धाला तेच. पाहुणे पानावर बसायच्या आधी उज्वलानं उंबऱ्यात उभं राहायचं, तो प्रश्न मोठ्यानं म्हणायचा आणि सगळ्यांच्या पाया पडायचं. सुधीर तेव्हा पत्रावळी मांडत असे. एका वर्षी ती पोटुशी होती, तरी म्हणायला लागलं. पुढं मूल राहिलं नाही, तेव्हा मुक्ताबाई म्हणाली, तुझ्याच जिभंनं गेलं.

आता मुक्ताबाईला श्राद्धही आठवत नव्हतं. विसरण्यावर औषध नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. ज्यांना विसरता येत नाही त्यांचं काय, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

दुपार कलली की मुक्ताबाई पिशवी घेऊन माहेरी निघायची, साताऱ्याकडे. अडवलं तर कपाळ दारावर आपटून घ्यायची. नाव विचारलं तर बाबासोंचं सांगायची, पत्ता विचारला तर माहेरचा ओढा. शेवटी सुधीरनं तोड काढली. पदराच्या आतून कापडाची पट्टी, तिच्यावर नाव, बिल्डिंग आणि हेगडेकाकूंचा फोन नंबर, कारण यांच्या घरात फोन नव्हता. उज्वलानं एकेका लुगड्याला ती हिरव्या दोऱ्यानं शिवून दिली. तेव्हापासून मुक्ताबाई जायची आणि कुणी रिक्षावाला, कुणी चहावाला फोन करून तिला परत आणून द्यायचा.

"सासूचं एवढं कोण करतं आजकाल," हेगडेकाकू म्हणायच्या. उज्वला खाली बघायची.

सुधीर वर गेल्यावर ती मुक्ताबाईचं वांगी रंगाचं इरकली लुगडं घेऊन खिडकीच्या उजेडात बसली.

"दोरं कसलं काढतीस गं?"

"सुटे होते, आत्याबाई. टोचत असतील."

तिनं सासूची वेणी घातली. लुगडं नेसवलं, पदर सारखा केला. पिशवीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. चपला दाराशी जोडीनं मांडल्या. मुक्ताबाई उंबऱ्यात घुटमळली, काहीतरी राहिल्यासारखी.

"लांब का, आत्याबाई?"

"लांब." म्हातारीचा चेहरा खुलला. "आता शिकलीस बग."

सुधीर उतरला तेव्हा दिवे लागले होते. आई निघाल्याचं कळल्यावर तो मित्राच्या स्कूटरवर कळंबोलीच्या नाक्यापर्यंत जाऊन आला. साताऱ्याच्या एसट्या तिथं थांबतात. कुणी पाहिलं नव्हतं. पण तो फारसा घाबरला नव्हता. हेगडेकाकू दार उघडं टाकून फोनजवळ बसल्या होत्या.

"नेसलीय काय?" त्यानं उज्वलाला विचारलं.

"वांगी इरकली."

"त्याला पट्टी आहे ना?"

"मीच नाही का शिवली."

"मग येईल फोन. टेन्शन नको घेऊस." तो खुर्चीत टेकला, खिशातून कागद काढला. "तेलुगूत काय म्हणतात, विचारलं नाहीस."

"सांगा ना."

"अडुगु. आता ते कशावरून आलं, ते शोधायचंय."

"चहा टाकते," म्हणत उज्वला स्वयंपाकघरात गेली. आधण ठेवलं. मग ब्लाउजात खोचलेली पट्टी काढली आणि हिरव्या दोऱ्यासकट गॅसच्या जाळावर धरली.