तीनशे बारा पाकिटं

तीनशे बारावं पाकीट बंद करून पारख्याने भिंग पुसलं, डायरीत शेवटचा नंबर टिपला आणि डायरी शर्टाच्या आतल्या खिशात टाकली. मंगळवारी सकाळी दहाला बसलेला माणूस दुपारी दोनला उठत होता. तेवढ्या वेळात थोरल्याने सात वेळा घड्याळ पाहिलं होतं.

नाणी वडिलांची. त्यांना जाऊन चार महिने झाले होते. या नाण्यांपायी त्यांनी जन्मभर घरच्यांचं डोकं खाल्लं. दर रविवारी ते जुन्या बाजारात जात आणि पिशवी धरायला आईला बरोबर नेत. प्रत्येक नाणं छोट्या कागदी पाकिटात, पाकिटावर नंबर, आणि पाकिटं बुटांच्या खोक्यांत. आता ती खोकी टेबलावर होती आणि दोघं भावंडं पारख्याच्या तोंडाकडे बघत होती.

पारखी म्हणाला, तीनशेच्या आसपास नाणी किरकोळ आहेत, वजनावर जातील. खरी किंमत मोजक्याच नाण्यांची आहे. त्याने एका कागदावर आकडा लिहून पुढे सरकवला. थोरल्याने तो वाचला, बहिणीला दाखवला आणि कागद खिशात ठेवला.

"मोजकी म्हणजे कुठली?" धाकटीने विचारलं.

"ते नाही सांगत, ताई. सांगितलं तर उद्या तुम्ही तेवढीच उचलून दुसऱ्याच्या दुकानात जाल."

धंद्यात हे असंच चालतं, हे दोघांना पटलं. नाण्यांना हात लावू नका, एवढं मात्र पारख्याने पुन्हा पुन्हा बजावलं. अंगावरचा काळपट थर हीच त्यांची किंमत. घासलेल्या नाण्याला गिऱ्हाईक मिळत नाही. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. एका कपात साखर नव्हती, दुसऱ्यात दुप्पट होती. सगळ्यांनी मुकाट्याने प्यायला.

आकडा पुरेसा होता. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली होती आणि तिची अनामत शनिवारपर्यंत भरायची होती. आई आता एकटी राहण्यासारखी उरली नाही, असं दोघांचं ठरलं होतं. महिन्याभरात दोनदा गॅस चालू राहिला होता. ऐकू कमी येत होतं. चष्मा डोक्यावर ठेवून ती घरभर चष्मा शोधायची. थोरला परदेशात, धाकटीच्या दोन खोल्यांत चार माणसं. दोघंही दुष्ट नव्हती. दोघांनाही वाईट वाटत होतं आणि दोघांनाही लवकर मोकळं व्हायचं होतं.

आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "मला इथेच बरं आहे रे." मग तिने दोघांचे चेहरे पाहिले आणि गप्प बसली. दोघांनी तो होकार धरला.

पारखी शुक्रवारी पैसे घेऊन येणार होता. गुरुवारी दुपारी धाकटी घरी आली, तर आई मोरीत स्टूल टाकून बसलेली. हातात दात घासायचा जुना ब्रश, बाजूला टूथपेस्टची पिळून चपटी केलेली ट्यूब. टॉवेलवर नाणी नव्या भांड्यांसारखी चकाकत होती.

धाकटी तिच्यासमोर उकिडवी बसली.

"आई, काय केलंस हे?"

"अगं, उद्या तो माणूस न्यायला येणार ना? अशी काळीकुट्ट द्यायची का परक्याच्या हातात? तुझ्या बाबांना आवडलं नसतं." आईने बोटं चोळली. "बाराच झाली. हात दुखून आले. बाकीची संध्याकाळी करते."

धाकटीने तिच्या हातातून हळूच ब्रश काढून घेतला. ती रागावली नाही. आईचे ओले, थंडगार हात हातात धरून ती रडली, आणि आपण घेतलेला निर्णय तिला पहिल्यांदाच पूर्णपणे बरोबर वाटला. मग तिने खोकी उचलून स्वतःच्या घरी नेली.

शुक्रवारी थोरल्याने पारख्याला सगळं सरळ सांगून टाकलं. थोरला हिशेबाला पक्का होता; म्हणाला, हाताला लागली ती बारा नाणी आईने घासली. तीनशे बारांत बारा म्हणजे शेकड्याला चारसुद्धा नाहीत. तेवढ्यांचे पैसे कापून घ्या आणि बाकीचे द्या, म्हणजे उद्या अनामत भरता येईल.

पारख्यालाही ते रास्त वाटलं. म्हाताऱ्या माणसांकडून असं व्हायचंच, असं म्हणून तो खुर्चीत बसला. धाकटीने घासलेली नाणी ताटलीत आणून ठेवली आणि त्यांची रिकामी पाकिटं शेजारी मांडली. आई स्वयंपाकघरात कप विसळत होती.

पारख्याने डायरी उघडली. पहिल्या पाकिटावरचा नंबर वाचला, डायरीत पाहिला आणि त्यावर खूण केली. दुसऱ्यावर केली. तिसऱ्यावर केली. पाचव्या खुणेनंतर त्याने खुर्ची पुढे ओढली. डायरीत त्याने फक्त मोलाच्या नाण्यांचे नंबर टिपले होते, एकूण अकरा, आणि अकराही पाकिटं समोर रिकामी पडली होती.

राहिलं बारावं. तांब्याचं, त्याने स्वतःच किरकोळीत काढलेलं. ते घेऊन तो खिडकीशी गेला आणि त्यावर भिंग धरलं. सालाच्या आकड्याखाली एक बारीक टिंब होतं. तसं टिंब असलेलं नाणं त्याने आजवर फक्त चित्रात पाहिलं होतं. ते या अकराही नाण्यांच्या एकत्रित किमतीहून महाग होतं, आणि मंगळवारी चार तास बसूनही त्याला ते दिसलं नव्हतं.