कोरडी फरशी

वडिलांची जुनी जीप काकांनी तेराव्याच्या दिवशीच, कुणाला न विचारता नेली होती. आज तिच्या स्टिअरिंग बॉक्समधून तेल गळते म्हणून ती पुतण्याच्याच गॅरेजात आली. त्याने उरलेले तेल काढून टाकले. वडिलांच्याच पद्धतीने जाड कागद झाकणावर ठेवून, कडांवर हातोडी हलकेच ठोकत नवे गॅस्केट कापले, झाकण घट्ट बसवले. नवे तेल मात्र मुद्दाम भरले नाही. कोरडे स्टिअरिंग घाटातल्या एखाद्या वळणावर अडकणार होते.

काकांनी जीपखालच्या फरशीवरून बोट फिरवले. "थेंब नाही. दादाला जन्मभर जमलं नाही हे. आज करू, उद्या करू."

त्याने किल्ली दिली.

"चला वहिनी," काकांनी गॅरेजामागच्या घराकडे हाक मारली, "वाईला जाऊन येऊ."

आई आली, पुढच्या सीटवर बसली. झोपलेल्या माणसाच्या कपाळावरून फिरवावा तसा तिने स्टिअरिंगवरून हात फिरवला.

"थांबा काका. तेल भरायचं राहिलं."

"विसरलास? अगदी बापावर गेलास."

त्याने तेलाची संथ धार आत उतरू दिली. मग झाकण आवळत म्हणाला, "आज तुमच्यावर जाणार होतो, काका."