दोरीचं दुसरं टोक

जाकिटाचा शेवटचा हुक काही केल्या लागेना.

"श्वास सोड," कपडेपट सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या. "अजून सोड."

"मावशी, आता सोडायला फक्त प्राण उरलाय," परी म्हणाली.

मावशींनी तिच्या पाठीला गुडघा लावून जोर केला, तेव्हा कुठे हुक बसला. "माहेर मानवलेलं दिसतंय," त्या हळूच म्हणाल्या आणि कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून दाराकडे बघून घेतलं.

दोन महिन्यांच्या सुट्टीनंतर नाटकाची आज पहिली तालीम होती. सुट्टीवर सोडताना दिग्दर्शक सरांनी बजावलं होतं, "जाताना जेवढं वजन आहे तेवढंच परत आणायचं. परी जमिनीवरून सुटली नाही, तर त्या दिवसापासून परी दुसरी." दुसरी म्हणजे कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सशाचं काम करणारी मुलगी अंगाने काडी होती आणि तिला परीची वाक्यं स्वप्नातही पाठ होती. आत्ता ती पहिल्या रांगेत सशाचे कापडी कान मांडीवर घेऊन बसली होती.

परीने प्रयत्न केला नव्हता असं नाही. रोज उजाडताच ती गावाबाहेरच्या पुलापर्यंत चालत जायची, तिथून परत यायची. पण परत आलं की आई ताट वाढून समोर बसलेली असायची. "किती वाळलीस गं," म्हणून जी बाई डोळ्याला पदर लावते, तिला "पुरे" म्हणायची कुणाची छाती होणार? शेवटचं वजन केलं तेव्हा चार किलो वाढलं होतं. त्यानंतर आणखी तीन आठवडे सुट्टी होती आणि त्या तीन आठवड्यांत परी काट्याच्या वाटेला गेली नव्हती.

या नाटकगृहात परीला उडवणारं यंत्र वगैरे काही नव्हतं. छताला दोन कप्प्या होत्या, त्यांवरून गेलेली एक दोरी होती आणि मामा होते. दोरीच्या एका टोकाला परी, दुसऱ्या टोकाला मामा. घंटा झाली की मामा पडद्याआडच्या उंच माचीवरून पाऊल सोडायचे. ते खाली यायचे आणि परी वर जायची. टाळ्या परीला पडायच्या. मामांना प्रेक्षकांतल्या कुणी पाहिलेलंही नव्हतं. मामा मूळचे काटकुळे, म्हणून कमरेला शिशाचे तुकडे भरलेला पट्टा बांधायचे. पट्ट्यासकट ते परीपेक्षा जेमतेम मूठभर जड भरायचे आणि त्या मूठभरावर सगळा खेळ चालायचा.

मावशींनी दोरीचा आकडा तिच्या पाठीच्या कडीत अडकवला. पडद्यालगतच्या कापडी झाडाच्या आडोशाला परी उभी राहिली. नाव, पैसा, फोटो यातलं काही गेलं असतं तरी ती चार दिवस रडून गप्प बसली असती. पण पाय जमिनीवरून सुटतात तो एक क्षण तिला दुसऱ्या कुणाला द्यायचा नव्हता.

तेवढ्यात तिला खिळा दिसला. खिळ्यावर मामांचा शिशाचा पट्टा लटकत होता.

इथे पट्ट्यावर पट्टा बांधला तरी भागेल की नाही अशी गत, आणि मामा पट्टाच विसरून वर चढले होते.

"मामा, पट्टा," ती ओरडली. पण तोवर घंटा झाली होती. माचीवरून मामांनी पाऊल सोडलं.

परीने डोळे गच्च मिटून घेतले.

पाय सुटले. झटका नाही, गचका नाही. दरवेळी जायची तशीच ती अलगद वर निघाली. डोळे उघडले तर समोरून मामा खाली येत होते, पण हे काही सुट्टीवर गेलेले मामा नव्हते. यांच्या गालांची हाडं कुठल्या कुठे गडप झाली होती आणि सदऱ्याच्या खालच्या दोन गुंड्या हार मानून बसल्या होत्या.

अर्ध्या वाटेत दोघं हातभर अंतरावर आली.

"मामा, पट्टा खाली राहिला," ती कुजबुजली.

"घातलाय की," मामा पोटावर थोपटत म्हणाले. "आतून."

"म्हणजे?"

"अगं, मलाही आई आहे." साठीला टेकलेले मामा एवढे लाजले, की त्यांनी मान खाली घातली. "ऐकतच नाही. वाळलास म्हणते."

एवढं बोलेपर्यंत ते तिच्या पायांखाली गेलेसुद्धा. परीचा जीव भांड्यात पडला आणि तिला असं हसू आलं, की तोंड लपवायला तिने दोन्ही हातांनी पंख पुढे ओढून घेतले. रंगमंचावरून ती तरंगत गेली. आजवर एवढ्या आनंदात ती कधीच उडाली नव्हती.

"थांबा," सर उठून उभे राहिले. त्यांचा आवाज भरून आला होता. "बघितलंत सगळ्यांनी? दोन महिने सुट्टी आणि दोघांचं वजन जागच्या जागी. याला शिस्त म्हणतात. शिका जरा यांच्याकडून."

सशाने मनापासून टाळ्या वाजवल्या. मावशींना एकाएकी खोकल्याची उबळ आली.

तेवढ्यात वरच्या दोन्ही कप्प्या करकरल्या. लांबलचक, दम लागल्यासारख्या. सरांनी चमकून छताकडे पाहिलं.

"आजवर कधी आवाज केला नव्हता यांनी. काय झालं?"

"काही नाही, सर," पडद्याआडून मामा म्हणाले. "सुट्टीनंतर पहिलाच दिवस आहे. होईल सवय."