शेवंता नावाची फाइल

नातीच्या बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भिकाजी पेडणेकरांनी कानामागचा प्लेअर चालू केला आणि ते म्हणाले, "शेवंता." त्यांची बायको जाऊन चार वर्षं झाली होती. लग्नापासून ती जे जे बोलली, ते सगळं प्लेअरने तिच्या नावाने साठवून ठेवलं होतं. रोज चहा घेताना ते त्यातलं थोडं ऐकत.

आज मात्र कानात तान्ह्या बाळाचं रडणं आलं.

दुरुस्तीच्या दुकानातल्या बाईंनी प्लेअर तपासला. "काका, घरात या नावाचं नवीन कुणी आलंय का? एकाच नावाचे दोन आवाज आले, की हा जुना पुसतो आणि नवा ठेवतो."

"जुना परत मिळेल?"

"नाही हो, काका."

घरी सुनेला हे कळलं तेव्हा तिला रडू आवरेना. सासूबाईंचं नाव ठेवायचा हट्ट तिचाच होता. "बाबा, आपण बाळाचं नाव बदलू या."

भिकाजींनी नातीला मांडीवर घेतलं.

"नको," ते म्हणाले. "या नावाने हाक मारली, तर ओ देणारं घरात कुणीतरी असू दे."